‘चालतंय’ म्हणू नका

नाशिकला थंडी पडली की मसाज करणाऱ्या माझ्याकडे दोन गोष्टी हमखास येतात. एक, बाटलीत गोठून बसलेलं खोबरेल. ते 24 अंशांच्या आसपासच थिजतं, त्यामुळे डिसेंबरात माझी निम्मी सकाळ बाटल्या कोमट पाण्यात उभ्या करण्यात जाते. दुसरी, धरलेले खांदे आणि माना. या महिन्याच्या पत्रांतही तेच. ‘मसाजला जा म्हणाले, पण तिथे नक्की होतं काय?’ हा प्रश्न इतक्या जणांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारलाय की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. पत्रं लांब होती, ती कापली आहेत. राग मानू नये.

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आमची दिंडोरी तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. मी 52 वर्षांची. यंदा डिपिंगला मजूर कमी पडले म्हणून मी स्वतः तीन आठवडे घड बुडवले. तेव्हापासून उजवा खांदा धरलाय. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालायला सून लागते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि नाशिकला जाऊन फिजिओथेरपी, मसाज घ्यायला सांगितलं. मी अशा ठिकाणी कधी गेले नाही. कपडे काढावे लागतात का? पुरुष असतो का? जाऊबाई म्हणतात मंगळसूत्रसुद्धा काढायला लावतात. आणि फार दुखतं का?

उत्तर: ताई, द्राक्षाकडच्या बायका दारातून आत आल्या की चालीवरूनच ओळखू येतात. मान थोडी मागे, खांदे कानाकडे चढलेले. मांडवाखाली उभं राहायचं, नजर वर, जीएचा, म्हणजे मणी फुगवायच्या औषधाचा, मग घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, हलवायचा, की पुढचा. त्यात हात खाली येतो तो फक्त मग भरायला. तीन आठवडे असं केल्यावर खांद्याने तक्रार केली नसती तरच नवल.

आधी फोन करून वेळ घ्या आणि तेव्हाच सांगा, ‘मला बाईच हवी.’ यात संकोच वाटायचं काही कारण नाही. निम्म्या बायका हेच विचारतात. फीसुद्धा फोनवरच विचारून घ्या. येताना एक्स-रे असेल तर तो आणा, चालू गोळ्यांची पाकिटं आणा (नावं लिहून आणू नका, पाकिटंच आणा, ‘पांढरी, छोटी, सकाळची’ यावरून मला काही कळत नाही) आणि गेल्या सहा महिन्यांत साखर तपासली असेल तर तो कागदही. जेवून लगेच येऊ नका, उपाशीही येऊ नका.

पहिल्या भेटीला तासभर धरून चला. त्यातली पहिली पंधरा-वीस मिनिटं मी हातसुद्धा लावत नाही, नुसती विचारते. पेशंट इथे चुळबुळ करतात. ‘आमच्या गल्लीतली मावशी आल्या आल्या तेलाची वाटी घेते, तुम्ही काय जबानी घेताय?’ असं मला एकांनी तोंडावर ऐकवलं होतं. पण तीच वेळ सगळ्यात महत्त्वाची असते. कधीपासून, कुठे, रात्री जास्त की कामाच्या वेळी, हाताला मुंग्या येतात का, मानेतून कळ उतरते का, बीपी, साखर, कुठलं ऑपरेशन, कधी हाड मोडलंय का, रक्त पातळ व्हायची गोळी, कुठल्या तेलाने पुरळ उठतं का. खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम, दम लागणं असं काही असेल, तर ते मला न सांगता आधी डॉक्टरांना सांगायचं आणि त्याच दिवशी.

मग हात हलवून बघायचा. तुम्ही वेणीचं लिहिलंत तिथे माझं लक्ष अडकलं. कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा, आधी तुम्ही, नंतर मी. तुम्हाला जमलं नाही पण मी फिरवल्यावर गेला, तर दुखणं बहुधा स्नायूंचं किंवा त्यांच्या दोरीचं. मी फिरवूनही जात नसेल, दारात पाचर मारल्यासारखा अडत असेल, तर तो फ्रोजन शोल्डर असू शकतो. हे दुखणं चाळिशी ते साठीत येतं, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं आणि मधुमेहींत तर फारच. म्हणून साखरेचा कागद मागितला. तसं निघालं तर नुसत्या मसाजने खांदा सुटणार नाही. व्यायाम लागतील, महिने लागतील, काहींना वर्ष-दोन वर्षंही लागतात. मसाजचा उपयोग तेवढ्या काळात झोप लागण्यापुरता आणि व्यायाम सोसण्यापुरता. स्नायूंचंच असेल तर दोन-चार भेटींत फरक दिसायला हवा. दिसला नाही तर मी स्वतःच तुम्हाला डॉक्टरांकडे परत पाठवीन.

आता कपड्यांचं. खांद्यासाठी खांदा उघडा लागतो, बाकी काही नाही. जुना, सैल, पुढून उघडणारा ब्लाउज किंवा गाउन घेऊन या. मी बाहेर जाते, तुम्ही बदला, पलंगावर पडा, चादर ओढून घ्या, मग हाक मारा. ज्या भागावर काम चाललंय तेवढाच उघडा करायचा, तो झाकला की पुढचा. जिथे असं होत नाही तिथून उठून यायला तुम्ही मोकळ्या आहात. सूनबाईंना आत बसवायचं असेल तर एक खुर्ची ठेवलेलीच असते.

मंगळसूत्र काढायची गरज नाही. जाऊबाईंना सांगा, तुम्ही पालथ्या पडलात की ते मानेवरून बाजूला सरकवायचं आणि वर पातळ रुमाल ठेवायचा, म्हणजे मण्यांत तेल जात नाही. काळ्या मण्यांत शिरलेलं तेल धूळ धरतं, ते धुता धुता नाकी नऊ येतात. बांगड्याही राहू द्या. फक्त पिना काढा. एकदा साडीच्या पिनेने माझा अंगठा फाडलाय.

पलंगाला तोंडापाशी भोक असतं. पालथं पडून त्यात चेहरा ठेवायचा आणि खालच्या फरशीकडे बघत राहायचं. सर्दी असेल तर पाच मिनिटांत नाक चोंदतं, तेव्हा सांगा, कुशीवर घेऊन करता येतं. आधी नुसता तळहात लांब फिरवते, तेल पसरायला आणि तुमचं अंग माझ्या हाताला ओळखीचं व्हायला. मग मळल्यासारखं उचलून सोडायचं, मग अंगठ्याने एकेक दोर शोधायचा. मानेच्या मुळापासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत बोट नेलं की मधे कुठेतरी सुपारीएवढी गाठ लागते. ती दाबली की कळ भलतीकडेच, कानामागे किंवा दंडात निघते. पेशंट दचकतात: ‘अहो, तुम्ही इथे दाबताय आणि दुखतंय तिकडे!’ ज्या बाईंनी या गाठींचे नकाशे काढले त्या डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल 1961 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या, केनेडींच्या, डॉक्टर होत्या. केनेडींची पाठ कायम दुखायची. त्या गाठीत नेमकं काय असतं यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. पण ती बोटाला लागते आणि दाबल्यावर पेशंट दचकतो, हे मी रोज बघते.

दुखतं का? थोडं. आणि इथेच मला या व्यवसायातला सगळ्यात फसवा शब्द भेटतो: ‘चालतंय.’ मी विचारते, ‘दाब कसा आहे?’ उत्तर येतं, ‘चालतंय, चालतंय.’ हे चालतंय दहापैकी तीन असतं, तसंच नऊही असतं. बायकांना सोसायची सवय, पुरुषांना सोसतोय हे दाखवायची. म्हणून मी तोंडावर विश्वास ठेवत नाही, पायाच्या बोटांकडे बघते. बोटं आत वळली, श्वास अडला, मूठ मिटली, की दाब जास्त झाला. गोड कळ वेगळी, तिच्यात ‘हां, तिथेच’ असं तोंडून निघतं आणि श्वास चालू राहतो. दातावर दात ठेवायला लावणारी कळ आली की स्नायू उलट आवळतो आणि माझी सगळी मेहनत फुकट जाते. तेव्हा ताई, दहापैकी सहाच्या वर गेलं की ‘थांबा’ म्हणा. तुम्ही तीन आठवडे न बोलता सोसलंत म्हणून तर खांदा इथवर आला.

झाल्यावर पटकन उठू नका. अर्धा तास आडवं पडून ताडकन बसलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर व्हा, हात टेकून बसा, मिनिटभर पाय लोंबते ठेवा. आणि त्याच दिवशी दिंडोरीला परतून बागेत शिरू नका. विरळणी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

प्रश्न: मी नाशिकरोडहून रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला अप-डाउन करतो. वय 34. पाठीसाठी मसाज घेतला, तर दुसऱ्या दिवशी अंग तापासारखं ठणकत होतं. तिथले म्हणाले, शरीरातली टॉक्सिन्स बाहेर पडताहेत, चार लिटर पाणी प्या. शिवाय 20 सिटिंगचं पॅकेज आगाऊ घ्या म्हणतात.

उत्तर: टॉक्सिन्स वगैरे काही बाहेर पडत नाहीत. ते काम लिव्हर आणि किडन्या करतात, त्यांना माझ्या अंगठ्याची मदत लागत नाही. ‘लॅक्टिक अ‍ॅसिड साचलंय, ते चोळून काढतो’ हेही तसंच. व्यायामानंतर ते तासाभरात आपोआप उतरतं. तुमचं अंग ठणकलं कारण दाब जास्त झाला. पहिल्यांदा ब्रह्मगिरीची फेरी करून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरतात, तसंच. एक-दोन दिवसांत जायला हवं. तीन दिवसांनीही तसंच असेल, काळंनिळं पडलं असेल किंवा पायात मुंग्या सुरू झाल्या असतील, तर परत त्यांच्याकडे नको, डॉक्टरांकडे जा. लघवी किंवा संडासवरचा ताबा सुटला, जांघेत बधिर वाटलं, तर त्याच तासाला हॉस्पिटल. पाणी तहान लागेल तेवढं प्या.

पॅकेज घेऊ नका. मी माझ्याच धंद्याविरुद्ध लिहितेय, पण कंबरदुखी आणि मसाज यांवरच्या सगळ्या चाचण्या एकत्र तपासून कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने 2015 मध्ये जो आढावा काढला, त्याचं सार इतकंच होतं की आराम पडतो तो थोड्या काळापुरता, आणि पुरावाही भक्कम नाही. माझा रोजचा अनुभवही फार वेगळा नाही. मसाजनंतर दोन-चार दिवस पाठ हलकी असते. तवा तापलेला असतो तोवर पोळी भाजून घ्यावी, तसे त्या दिवसांत व्यायाम सुरू करायचे. ते केले नाहीत तर विसावं सिटिंगही पहिल्यासारखंच जाईल. आणि गाडीत कसाऱ्यापर्यंत तरी मोबाइल मांडीवरून उचलून डोळ्यांसमोर धरा.

प्रश्न: माझी आई 74 वर्षांची आहे. मधुमेह आहे, हृदयाच्या ठोक्यांसाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. पंचवटीतल्या आमच्या घरी गेली पंधरा वर्षं एक मावशी तेल लावायला येतात. आईला त्यांच्याशिवाय करमत नाही. आता बंद करावं का? भाऊ म्हणतो, शिकलेल्या माणसाकडेच न्या.

उत्तर: मावशींना बंद करू नका. माझी आत्या जुन्या नाशकात हेच काम करायची. बाळंतिणी, तान्ही बाळं, म्हाताऱ्या. तेल मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघितल्याशिवाय तिने कधी कुणाच्या अंगाला लावलं नाही. मी डिग्री घेऊन आले तेव्हा तिने माझे हात हातात घेतले, उलटसुलट केले आणि म्हणाली, ‘नखं काप आधी.’ तेव्हा शिकलेलं कोण, यावर मी भावाशी वाद घालीन.

पण आत्याच्या वेळी रक्त पातळ करायच्या गोळ्या घरोघरी नव्हत्या. आणि इथे मला माझीच चूक सांगायला हवी. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी एक आजोबा आले, पाठ आखडलेली. मी गोळ्यांचं विचारलं, ते म्हणाले, ‘बीपीची एक आहे.’ मी पुढे विचारलं नाही, पाकीट बघितलं नाही. त्यांना दाब जोरात हवा होता, मीही उत्साहात कोपराने दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने शर्ट वर करून पाठ दाखवली. कण्याच्या दोन्ही बाजूंना वांग्याच्या रंगाचे पट्टे, माझं कोपर जिथून जिथून गेलं तिथून तिथून. ‘बीपीच्या गोळी’बरोबर रक्त पातळ करायची गोळीही होती, त्यांच्या लेखी ती सगळी एकच पुडी. आजोबा बरे झाले, रागावलेही नाहीत. पाकिटं घेऊन या, हा हट्ट मी तेव्हापासून धरलाय.

तर मावशींना एवढं सांगा. हात फिरवा, चोळा, पण रगडू नका, अंगठे रुतवू नका. नातवाला पाठीवर उभं करायची पद्धत तुमच्याकडे असेल तर आजपासून बंद. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बायकांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, मणका नुसत्या वजनानेही दबतो. पायांना तेल लावताना तळवे आणि बोटांमधली जागा रोज डोळ्यांनी बघा. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, जखम कळत नाही, आणि गरम पाण्याची पिशवी ठेवली तर भाजल्याचंही कळत नाही. शेक द्यायचा तर आधी तुमच्या हाताला लावून बघा, आईला विचारू नका. बोटांच्या बेचक्यात तेल ठेवू नका, तिथे ओल राहून कातडी फुटते. तेलाने पाय निसरडे होतात, तेव्हा बाथरूमपर्यंत धरून न्या.

आणखी एक, हे सगळ्यांसाठीच. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखतेय, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, आजारपणात पडून राहिल्यावर किंवा ऑपरेशननंतर, तर ती कुणीही चोळायची नाही. काशीयात्रेहून बसने परतलेल्या एक बाई ‘पोटरीत गोळा आलाय, तेवढा काढून द्या’ म्हणून आल्या होत्या. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली टेप लावली, तर एक पोटरी दुसरीपेक्षा 3 सेंटिमीटरहून जास्त भरली. मी हात न लावता त्यांना डॉपलरला, म्हणजे शिरांतलं रक्त वाहतंय का ते बघणाऱ्या सोनोग्राफीला, पाठवलं. त्या चिडल्या, ‘एवढ्या लांबून आले, तेलाचं बोटही लावलं नाही.’ शिरेत रक्ताची गाठ निघाली. ती चोळून सुटली असती तर फुप्फुसात गेली असती.

प्रश्न: मी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. मान आणि पाठ यांसाठी डॉक्टरांनी मसाज सुचवलाय, पण ‘मसाज’ शब्द काढला की आमच्या सौ. भुवई उंचावतात. खरं सांगायचं तर पाट्या बघून मलाही शंका येते. योग्य जागा ओळखायची कशी?

उत्तर: काका, सौ.ना बरोबर घेऊन जा, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. जिथे त्यांना आत बसू देत नाहीत, ती जागा तुमची नव्हे. उपचारासाठी जाताय तर फिजिओथेरपिस्टकडे जा आणि नोंदणी क्रमांक विचारा. आपल्याकडे व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांची राज्य परिषद आहे. नोंदणी असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारल्याचा राग येत नाही, उलट तो भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतो. आत गेल्यावर काहीही न विचारता कुणी ‘साधा की स्पेशल’ म्हणालं, तर चप्पल घाला.

आणि घरी सांगायला एक गोष्ट देते. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद नावाच्या गृहस्थांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनला वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली, आणि इंग्लंडच्या चौथ्या जॉर्ज राजाच्या दरबारी ‘शॅम्पूइंग सर्जन’ म्हणून त्यांची नेमणूक झाली. शॅम्पू हा शब्दच आपल्या चांपण्यावरून, चेपण्यावरून तिकडे गेला, केसांच्या साबणाला तो नंतर चिकटला. तेव्हा सौ. आठवड्यातून दोनदा न्हाणीघरात जे नेतात, त्याचं मूळ तुमच्याच संशयित धंद्यात आहे. हे सांगताना मात्र थोडं लांब उभे राहा.

प्रश्न: मसाज चालू असताना मला झोप लागली आणि मी घोरलो, असं मागाहून कळलं. परत जायची लाज वाटतेय. (सातपूर)

उत्तर: माझ्याकडे दिवसाला एक तरी घोरतो. पोटात गुरगुरणं, वारा सरणं, तोंडाला लाळ येणं, सगळं होतं. फरशी पुसायला फडकं ठेवलेलंच असतं. अडचण एकच, झोपलेला माणूस ‘थांबा’ म्हणत नाही. त्यामुळे तुम्ही घोरायला लागलात की मी दाब आपोआप निम्म्यावर आणते. पूर्ण पैसे वसूल करायचे असतील तर जागे राहा.